बांधावरचा गप्पीदास

कागल तालुक्यात दोन भावांचं बोलणं बंद असेल तर कारण विचारावं लागत नाही. बांध. एकाने नांगराचं तास जरा आत घेतलं, पुढच्या वर्षी दुसऱ्याने त्याच्याही आत घेतलं, आणि आज्याच्या काळात ज्या बांधावरून बैलगाडी जायची त्यावरून आता माणसाला पाय जपून टाकावा लागतो. याला आमच्याकडे बांध कोरणं म्हणतात. साखर कारखान्याच्या शेती खात्यात माझी सगळी नोकरी गेली, आधी चिटबॉय म्हणून, मग ओव्हरसियर म्हणून. लागणीची नोंद घ्यायची, प्लॉट मोजायचा, तोडणीचा प्रोग्रॅम लागला की टोळीला फड दाखवायचा. ही सगळी कामं बांधावरूनच होतात. उसात शिरून काही दिसत नाही. त्यामुळे कुणाचा बांध केवढा होता आणि केवढा उरला, हे माझ्या डोक्यात आपोआप साठत गेलं. त्या बांधावर राहणारा गप्पीदास हा पक्षीही तसाच.

चिमणीएवढाच, म्हणजे चोचीपासून शेपटीपर्यंत तेरा सेंटिमीटरच्या आसपास. नर काळाकुळकुळीत. पंखाच्या मुळाशी पांढरा पट्टा, कंबर पांढरी, पोटाचा खालचा भाग पांढरा. बसलेला असताना हे पांढरं फारसं दिसत नाही, उडाला की एकदम उघडं पडतं. मादी मातकट तपकिरी, फक्त शेपटीच्या बुडाशी विटकरी झाक. नांगरलेल्या रानात ती ढेकळावर बसली तर हलल्याशिवाय कळत नाही. गावात कुणी याला वेगळं नाव घेत नाही, काळी चिमणी म्हणून विषय संपतो. मला नाव मिळालं ते मारुती चितमपल्लींच्या पक्षीकोशातून, आणि त्यानंतर पाखराकडे नुसतं बघण्याचं पाहण्यात रूपांतर झालं.

शास्त्राच्या पुस्तकात याची पहिली नोंद लिनियसने १७६६ साली केली, ती फिलिपिन्समधल्या लुझॉन बेटावरच्या पक्ष्यावरून. मध्य आशियापासून भारत, ब्रह्मदेश, फिलिपिन्स, थेट न्यू गिनीपर्यंत हा पक्षी पसरलेला आहे. एवढा मोठा मुलूख असूनही सगळीकडे त्याची मागणी एकच: उघडी जमीन, तुरळक झुडपं आणि बसायला थोडी उंच जागा. सलीम अलींचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक १९४१ साली निघालं. त्या काळात गप्पीदास, दयाळ, चीरक यांना कस्तुरांच्या कुळात धरत. पुढे जनुकांचा अभ्यास झाला आणि हे सगळे माशीमारांच्या कुळात गेले. मला स्वतःला हा बदल लगेच पटला, कारण मी त्याला रोज शिकार करताना पाहत होतो.

रानातला माशीमार फांदीवरून झेपावतो आणि हवेतल्या हवेत किडा पकडतो. गप्पीदास तेच करतो, फक्त तोंड जमिनीकडे करून. एखादा हद्दीचा दगड, घायपाताचा वाळका दांडा, ठिबकच्या व्हॉल्व्हची पाइप, मोटारीच्या पेटीचं छप्पर, यातलं काहीही त्याला चालतं. तिथे ताठ बसायचं, शेपूट वरखाली झटकायची आणि खालची जमीन न्याहाळायची. मुंगी, भुंगेरा, अळी, नाकतोड्याचं पिल्लू, काही हललं की सरळ खाली झेप, चोचीत उचल आणि परत त्याच दगडावर. वळिवानंतर वाळवीला पंख फुटतात तेव्हा मात्र तो हवेतही उड्या घेतो. करनूरच्या बाजूला एका गटाच्या कोपऱ्यावर मोजणीचा जुना दगड आहे. त्यावर पांढऱ्या शिटांचा थर कायम असायचा. त्या कोपऱ्यावर मी गाडी लावून नोंदवही भरत बसायचो, आणि गप्पीदास माझ्यापासून दहा पावलांवर त्याचं काम करत असायचा. एक गोष्ट तिथेच ध्यानात आली. झेप कधी गवताच्या दाटीत पडत नाही. गवताच्या दोन झुपक्यांमध्ये जी उघडी मुरमाड जागा असते, तिथेच पडते. त्याला गवत लागतं ते किडे पोसण्यासाठी आणि घरटं झाकण्यासाठी. पोट भरतं ते उघड्या जमिनीवर. निव्वळ हिरवंगार रान त्याच्या कामाचं नाही आणि निव्वळ उघडं रानही नाही.

म्हणूनच उसाशी त्याचं नातं विचित्र आहे. लागण झाल्यावर पहिले दोन-तीन महिने सऱ्या उघड्या असतात, पाणी फिरतं, ओल्या मातीवर किडे येतात. तेवढे दिवस गप्पीदास सरीत उतरून चरतो. भरणी झाली, ऊस कमरेला लागला, पानाला पान मिळालं, की त्या एकरांमधली जमीन त्याच्या दृष्टीने संपली. मग तो ऊस तुटेपर्यंत बांधावर. खोडव्याला, म्हणजे तुटलेल्या बुडख्यातून पुन्हा फुटणाऱ्या उसाला, पुन्हा तेच. म्हणजे वर्षातला बराचसा काळ त्याचं घर, शेत, कोठार सगळं त्या हातभर रुंदीच्या पट्टीत. ती पट्टी सातबाऱ्यावर कुठे नसते. मोजणीच्या नकाशात ती एक रेघ असते.

फेब्रुवारी संपत आला की नर गाऊ लागतो. आवाज गोड, शिट्टीसारखा, तुकड्या-तुकड्याचा. पहाटे, अजून चेहरे ओळखू येत नाहीत अशा वेळी सुरुवात होते. तोडणीच्या दिवसांत आमची हजेरीही त्याच वेळेला असायची, टोळ्या अंधारात फडात उतरायच्या, कोयत्यांचा आवाज सुरू व्हायचा आणि बांधावरून ही शिट्टी. कधी तो गातगातच उडतो. पंख फडफडवत, शेपूट पसरून, कंबरेची पांढरी पिसं फुगवून संथपणे हवेत तरंगतो. दुसरा नर हद्दीत आला तर हेच सगळं जोरात होतं आणि पाठलागाने संपतं. त्याच्या हद्दी आपल्या गट नंबरांना मानत नाहीत. मी एका ठिकाणी काही उन्हाळे नीट पाहिलं आहे, एका जोडीची हद्द तीन खातेदारांच्या जमिनीतून जायची: एकाचा बांध, दुसऱ्याच्या विहिरीची कड आणि तिसऱ्याचा पडीक तुकडा. तिघांचं आपापसात जमत नव्हतं.

घरटं बांधते मादी. नर तिच्यामागे फिरतो, राखण करतो, पण काडी उचलताना मी त्याला पाहिलेलं नाही. जागा म्हणजे बांधाच्या अंगातलं एखादं भोक, दगड निसटून पडलेली खोबण, तालीच्या कडेला गवताच्या झुपक्याखालचा खड्डा. बाहेरून वाळकं गवत आणि मुळ्या, आतून केसांचं अस्तर. आमच्या भागात त्या अस्तरात म्हशीचे केस सापडतात, आणि ज्या रानात धनगरांचा कळप बसून गेला असेल तिथे मेंढीची लोकर. अंडी तीन ते पाच, फिकट निळसर पांढरी, त्यावर तांबूस ठिपके. बारा-तेरा दिवस मादी बसते. पिल्लांना चारायचं काम मात्र दोघांचं. पिल्लू साधारण दोन आठवड्यांत बाहेर पडतं, आणि नीट उडता येण्याआधीच बाहेर पडतं. हे दिवस सगळ्यात धोक्याचे. मुंगूस, साप, भारद्वाज, गावातली मांजरं, सगळ्यांना बांध माहीत असतो. माणूस जवळ आला तर दोघं चेक चेक करत दगडावरून दांड्यावर, दांड्यावरून तारेवर नाचतात. तोंडात अळी धरलेली असली तरी घरट्याकडे जात नाहीत. अशा वेळी आपण तिथून निघून जाणं एवढंच करायचं असतं. आपण थांबलो तेवढा वेळ पिल्लं उपाशी.

सिद्धनेर्लीच्या रस्त्याला एक काकी रोज मेरेची, म्हणजे बांधावरची, वैरण कापायला यायच्या. दोन म्हशी दारात, दुधावर घर. मी प्लॉटची नोंद घेत उभा होतो आणि त्या विळा चालवत माझ्याकडे सरकत होत्या. सरसर कापत आलेला हात एका जागी थांबला, एक झुपका सोडून पुढे गेला. मी बघतोय हे कळल्यावर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे तेवढं. पिल्लं हाईत आत. परवा चार व्हती, आज तीनच हाईत." मी विचारलं, कुणी नेलं? "काय म्हाईत. मुंगसानं न्हेलं आसंल. आमी तर हात लावत न्हाई." त्यांनी हे पाखराच्या प्रेमाने सांगितलं असं मला वाटलं नाही. तान्ही पोरं असलेल्या घराला धक्का लावायचा नाही, हा त्यांच्या वागण्यातला साधा नेम होता. हाताने कापलेल्या वैरणीत असा नेम पाळता येतो. आता मेरेवर तणनाशक मारतात. पंपाच्या नोझलला झुपका सोडता येत नाही, आणि मारल्यानंतर तिथे झुपकाच उरत नाही.

मूळ अडचण वेळापत्रकाची आहे. गप्पीदासाचा विणीचा जोर मार्च ते जून. आमच्या उन्हाळी मशागतीचे दिवसही तेच. ऊस गेलेला असतो, रान मोकळं असतं, जेसीबी आणि ट्रॅक्टर भाड्याने मिळतात, हातात बिलाचे पैसे असतात. बांध सरळ करायचा, ताल फोडायची, मुरमाचा उंचवटा काढून सपाटीकरण करायचं, तर एप्रिल-मेमध्येच. त्याआधी पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला. ऊस तुटला की पाचटाला काडी लावायची सवय आमच्या भागात जुनी. रान आठ दिवसांत मोकळं होतं हे खरं, पण ती आग बांधावर चढते आणि वाळलं गवत बुडापासून जाळते. पाचट सरीत राहिलं तर ओल टिकते, सेंद्रिय कर्ब वाढतो, पाण्याची पाळी वाचते, हे सांगणं माझ्या नोकरीचा भागच होता. बैठकीत मी कर्बाबद्दल बोलायचो. बांधावर एकट्या माणसाशी बोलताना मात्र पाखराचंही सांगायचो. काही जण नुसतं ऐकून घ्यायचे, काही जण खरोखर पाचट ठेवायचे. खोडवा चांगला आला की दुसऱ्या वर्षी सांगावं लागायचं नाही.

हे सगळं आधी असं नव्हतं. कागलच्या पूर्वेचा मुलूख म्हणजे माळ. सह्याद्रीत राधानगरीला पाऊस कोसळतो, इकडे येईपर्यंत त्याचा जोर ओसरतो. वर वीतभर माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा कातळ. अशा जमिनीवर कुसळी, पवना, मारवेल, मधूनमधून तरवड आणि बोर, हे तिथलं मूळ रूप. ती बिघडलेली जमीन नव्हे. शाहू महाराज मूळचे कागलच्या घाटगे घराण्यातले. त्यांच्या काळात आणि पुढे राजाराम महाराजांच्या काळातही कोल्हापूर संस्थानात चित्ते पाळून त्यांच्याकडून काळविटांची शिकार होई. पुढे पुढे हे चित्ते आफ्रिकेतून आणवले जात. चित्ता पळवायचा आणि काळवीट उधळायचं तर केवढा मोकळा माळ हवा, याचा विचार केला की त्या वेळची जमीन डोळ्यांपुढे येते. चित्ता गेला, काळवीट गेलं. गप्पीदास टिकला, कारण त्याला माळाचा एक तुकडा पुरत होता. माळाच्या कडेला जोंधळा, भुईमूग, तंबाखू होती तोवर तर त्याचं चांगलंच चाललं. ही पिकं निघाली की उन्हाळाभर रान उघडं पडायचं आणि जोंधळ्याच्या धसकटावर बसायला जागा मिळायची.

काळम्मावाडी धरणाचं पाणी दूधगंगेला आलं, नदीवर उपसा योजना झाल्या, पाइपलाइनी माळावर चढल्या आणि ऊस चढला. यात मी कुणाला दोष देणार नाही. कोरडवाहू माळावर पिढ्या झिजलेल्या माणसाला पाणी मिळालं, मुलं शिकली, घरावर स्लॅब पडला. त्या प्रत्येक नव्या एकराची नोंद माझ्या हातची आहे आणि त्या माणसांच्या तोंडावरचा आनंदही मी पाहिला आहे. पलीकडे कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत झाली, तीही माळावरच. पोरांना तिथे नोकऱ्या लागल्या. मला खटकतं ते पुढचं. पाणी येऊन वीस-पंचवीस वर्षं झाली, आता उरलाय तो कडेकोपऱ्याचा तुकडा, ज्यावर ऊस कधीच धड येणार नाही. त्यालाही आपण सोडत नाही. सातबाऱ्यावर त्याला पोटखराबा म्हणतात. वर्ग 'अ'चा पोटखराबा लागवडीखाली आणला तर तो लागवडयोग्य क्षेत्रात धरायची सोय २०१८ साली झाली. शेतकऱ्याला कर्ज मिळायला, भूसंपादनात मोबदला मिळायला ती उपयोगी आहे, हे मान्य. पण खडकावर बाहेरून गाळ आणून टाकायचा, दोन वर्षं ऊस काढायचा आणि तिसऱ्या वर्षी पान पिवळं पडलं म्हणून मला बोलवायचं, हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की त्या दोन वर्षांच्या उसाचा हिशेब मला कुठेच जमताना दिसला नाही.

झाडांचं तसंच. राज्यात २०१६ ते २०१९ या काळात ५० कोटी झाडं लावण्याची मोहीम झाली. आमच्याकडेही गायरानात खड्डे पडले. पहिल्या वर्षी गप्पीदासाला ते मानवलं. रोपाला आधाराची काठी म्हणजे बसायला जागा, खड्ड्याची कड म्हणजे घरट्याला आडोसा. गिरिपुष्प आणि सुबाभूळ डोक्यावर गेली, खाली सावली धरली, गवत विरलं, आणि त्या गायरानातून गप्पीदास निघून गेला. चंडोल आणि माळटिटवी तर त्याच्याही आधी गेल्या. झाड लावण्याविरुद्ध बोललं की लोक चमकून बघतात. मी ओढ्याकाठी, रस्त्याकडेला, शाळेच्या आवारात झाडं लावलीच आहेत. माळाला झाड हवं असतं तर माळाने ते हजारो वर्षांत स्वतःच वाढवलं असतं. एम. डी. मधुसूदन आणि अबी वनक या संशोधकांनी २०२२ मध्ये देशातल्या अशा निमकोरड्या उघड्या निसर्गाचा नकाशा प्रसिद्ध केला. देशाच्या जमिनीचा सुमारे दहावा हिस्सा भरतो तो. सरकारी दप्तरात यातली बरीचशी जमीन पडीक म्हणून लागलेली आहे. दप्तरात पडीक लिहिलं की तिथे काहीही केलं तरी सुधारणाच ठरते.

हिवाळ्यात बांधावर आणखी एक गप्पीदास येतो. हा मध्य आशिया आणि सायबेरियाकडचा पाहुणा. दसऱ्याच्या आगेमागे उतरतो, म्हणजे बीडच्या ऊसतोड टोळ्यांचे ट्रक गावात लागतात साधारण तेव्हाच. छाती नारिंगी-तांबूस, मानेच्या बाजूला पांढरा डाग. आला तेव्हा नराचं डोकं तपकिरीच दिसतं. पिसं काळीच असतात, पण त्यांच्या टोकांना तपकिरी किनार असते. हिवाळाभर गवतात, वाऱ्यात ती किनार झिजते आणि मार्चपर्यंत खालचा काळा रंग वर येतो. नवं पीस न उगवता, नुसत्या झिजेने पाखरू विणीच्या पोशाखात येतं. टोळ्यांचा हंगाम आटोपतो आणि तोही उत्तरेला निघून जातो. आमचा काळा गप्पीदास तोवर त्याला आपल्या दगडावर फारसा बसू देत नाही.

वंदूरकडच्या एका गटात दोन भावांची हद्द कायम मोजणी लागली होती, एप्रिलमध्ये. थोरल्या आबांचं म्हणणं, बांध धाकट्याने कोरला. धाकट्याचं म्हणणं, आबांनी. खुणा निघाल्या, दोघांचंही थोडं थोडं खरं निघालं, आणि दुसऱ्या दिवशी जेसीबी लावून वाकडा बांध काढून सरळ हातभराचा घालायचा ठरला. त्या वाकड्या बांधाच्या खोबणीत घरटं होतं. मादी बसलेली होती, म्हणजे अंडी होती. मी आबांना म्हटलं, महिनाभर थांबता का? आबा म्हणाले, "सायेब, महिन्यानं वळीव पडला तर जेसीबी रानात चालतंय व्हय?" बोलणं रास्त होतं. मी धाकट्याकडे गेलो. तो म्हणाला, आबा थांबले तर मी थांबतो. आता हे दोघं एकमेकांशी बोलत नव्हते, त्यामुळे निरोप्याचं काम माझ्याकडे आलं. शेवटी जेसीबी दुसऱ्या टोकाकडून लावायचा आणि खोबणीच्या अलीकडचा वीसेक पावलांचा बांध तेवढा मागे ठेवायचा, यावर दोघं राजी झाले. पिल्लं बाहेर पडली त्याच आठवड्यात वळीव कोसळला, रान चिखल झालं आणि राहिलेलं काम पुढच्या वर्षावर गेलं. पुढच्या वर्षी आबांनीच ते काढू दिलं नाही. त्या वाकड्या तुकड्यामुळे वरच्या अंगाचं पाणी अडतं आणि खालच्या सऱ्या फुटत नाहीत, हे त्यांना पावसाळ्यात दिसलं होतं.

मी आता निवृत्त झालो. उसाची मोजणी मोबाइलवर होते. पोरगा प्लॉटभोवती फिरतो, पडद्यावर क्षेत्र येतं, लागण तारीख आणि जात भरली की नोंद पूर्ण. त्यात बांधाला रकाना नाही, जसा सातबाऱ्यावर नाही आणि आमच्या जुन्या नोंदवहीतही नव्हता. म्हणून ओळखीच्या पोरांना मी एवढंच सांगतो की शेऱ्याच्या जागी बांधाची रुंदी लिहीत जा, पावलाने मोजली तरी चालेल, आणि दरवर्षी त्याच जागी मोजा. दोघं जण लिहितात. वहिवाटीच्या भांडणात उपयोगी पडेल म्हणून लिहितो, असं त्यातला एक जण म्हणाला, आणि ते कारणही मला पुरेसं वाटलं.